परसबागेत उंदरांसाठी विष ठेवावे का?

आगरवाली, गुहागर (मूळ मुद्दा)

परसबागेत उंदरांसाठी विष ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे आणि दोन पावसाळ्यांच्या अनुभवानंतर ते मी मांडत आहे. आमच्या घरामागे चौदा माड, थोड्या पोफळी आणि भाजीचे परडे आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर रताळी काढायला घेतली, तेव्हा वरून हिरव्यागार दिसणाऱ्या वेलांखाली अर्ध्या वाफ्यात नुसती सालपटे निघाली, आणि माडांखाली रोज देठापाशी भोक पाडलेले कोवळे नारळ सापडू लागले. त्याच सुमारास शेजारच्या घरी ब्रोमाडिओलोनच्या वड्या ठेवल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांच्या कुत्र्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. त्याने वडीच खाल्ली की ती खाऊन मेलेला उंदीर, हे कोणी पाहिले नाही. पण हे विष रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते, आणि जवळजवळ महिनाभर जीवनसत्त्व के-1 दिल्यावरच ते जनावर वाचले. ज्या मातीत आमची नातवंडे खेळतात, तेथे असा पदार्थ आणण्याची माझी तयारी नाही.

आम्ही प्रथम गडग्याला लागून असलेला झावळ्यांचा आणि सोडणांचा ढीग हलवला, कारण उंदीर उघड्यावर वावरायला भितो आणि तो ढीग म्हणजे त्याचे घरच झाले होते. माडांच्या बुंध्यांना जमिनीपासून दोन मीटर उंचीवर फूटभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला. ज्या पाच माडांचे शेंडे एकमेकांना भिडतात, त्या पाचही माडांना तो लावावा लागला, कारण एकावर चढलेला उंदीर झावळीवरून दुसऱ्यावर सहज जातो. खताच्या खड्ड्यात शिजलेले अन्न टाकणे बंद केले. शेवटी पिंजरे आणले. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या तीन रात्री भाजलेले खोबरे आत ठेवून दार उघडेच बांधून ठेवले आणि चौथ्या रात्री सोडले. जानेवारीअखेर एकोणीस उंदीर सापडले. यंदा रताळी शाबूत निघाली आहेत.

नदीकाठ, चिपळूण

ताई, आपल्या कष्टांबद्दल मला आदर आहे, परंतु आपले मत सर्वांना लागू पडेल असे मला वाटत नाही. 22 जुलै 2021 च्या महापुरात आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर बिळांतून बाहेर पडलेले उंदीर अंगणात, पडवीत आणि माळ्यावर शिरले. त्या आठवड्यात गाळ उपसताना आम्हा सगळ्यांचे पाय चिखलाने आणि ओरखड्यांनी भरलेले होते, आणि लेप्टोस्पायरोसिसच्या धास्तीने डॉक्टरांनी घरातल्या प्रत्येकाला डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या दिल्या. हा आजार उंदरांच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात उतरतो व जखमेतून शरीरात शिरतो, हे कोकणात वेगळे सांगायला नको. अशा वेळी तीन रात्री पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून वाट पाहण्याइतका अवकाश कोणाला असतो?

दुसरे असे की मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. एका रात्रीत एक उंदीर धरणारा पिंजरा या वेगाला पुरा पडत नाही. मी विष वापरले, सात-आठ दिवसांत वावर थांबला, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

भूतदया, ठाणे

पिंजऱ्यात सापडलेल्या एकोणीस उंदरांचे पुढे काय केले, हे आगरवाली यांनी लिहिलेले नाही. पुष्कळ घरी पिंजरा बादलीत बुडवतात, आणि हल्ली तर चिकट पुठ्ठे सर्रास वापरले जातात, ज्यांवर उंदीर तासन् तास जिवंत तडफडत राहतो. प्राण्यांना अनावश्यक यातना देण्यास 1960 च्या कायद्याने मनाई आहे. मारणे अटळ वाटत असले, तरी मारण्याची पद्धत निवडणे आपल्याच हातात असते. पकडलेले उंदीर दूर नेऊन सोडावेत, असे माझे म्हणणे आहे.

निवृत्त कृषी सहायक, दापोली

दूर नेऊन सोडणे म्हणजे आपला उंदीर दुसऱ्याच्या भातखाचरात घालणे होय, आणि अनोळखी जागी त्यातले बरेच उंदीर उपाशी मरतात किंवा शिकार होतात. त्याला दया म्हणता येणार नाही. झटकन मान मोडणारा मजबूत चाप हा त्यातल्या त्यात कमी यातनेचा मार्ग आहे. मात्र तो उघड्यावर न ठेवता, मुंगूस, पक्षी किंवा मुलाचे बोट अडकू नये म्हणून, लांबट खोक्यात ठेवावा. चिकट पुठ्ठ्यांबद्दलचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. त्यांवर सरडे आणि चिमण्याही चिकटतात.

आता विषाविषयी. या चर्चेत सगळी विषे एकाच मापाने मोजली जात आहेत, ते योग्य नाही. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन वायू सोडते आणि त्यावर उतारा नाही. ते शेतातल्या बिळांसाठी आहे, घराच्या अंगणात त्याला जागा नाही. शिवाय एखाद्या उंदराने ते थोडेसे चाखले आणि तो वाचला, तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही, म्हणून शेतातसुद्धा आधी दोन-तीन दिवस तेल लावलेले बिनविषारी धान्य घालून त्याची भीड मोडावी लागते. पिवळ्या फॉस्फरसची मलम तर घरात आणूच नये. तिलाही उतारा नाही आणि ती माणसाचे यकृत निकामी करते. चपातीला लावून ठेवलेली मलम लहान मुलाच्या हाती लागल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत. ब्रोमाडिओलोनचे तयार आमिष 0.005 टक्क्यांचे असते, त्याला उतारा आहे आणि परिणाम उशिरा होत असल्याने उंदराला संशय येत नाही. तोच उशीर त्याचा दोषही आहे, कारण विष खाल्लेला उंदीर पुढचे चार-पाच दिवस मंदावलेल्या अवस्थेत फिरत असतो आणि मांजराच्या किंवा घुबडाच्या तावडीत सहज सापडतो.

माझे मत असे की, विष वापरायचेच असेल तर ते कुलूपबंद आमिषपेटीत किंवा बिळाच्या आत खोलवर घालून बीळ बुजवावे, आणि रोज सकाळी हातमोजे घालून मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. हे करण्याची तयारी नसलेल्याने विष विकत घेऊच नये.

जाता जाता एक खुलासा करतो. गिरिपुष्पाला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, त्यामुळे त्याची वई केली की उंदीर फिरकत नाहीत असा समज आहे. त्या झाडातला कूमरिन हा घटक आंबवण्याच्या क्रियेत रक्त पातळ करणाऱ्या विषात बदलतो, म्हणून त्याचा पाला किंवा साल धान्यात आंबवून उंदरांना घालण्याची रीत मध्य अमेरिकेत होती. नुसत्या उभ्या झाडाचा उंदरांवर काही परिणाम होत नाही.

घुबडमित्र, सासवड

आमच्या पुरंदर तालुक्यात पिंगोरीला घुबड महोत्सव भरतो, आणि त्यातून अनेक घरांतला घुबडाविषयीचा अपशकुनाचा धाक कमी झालेला मी स्वतः पाहिला आहे. गव्हाणी घुबडाचे मुख्य खाद्य उंदीर आहेत; पिलांच्या दिवसांत त्याच्या ढोलीखाली पडलेल्या, न पचलेले ओकून टाकलेल्या गोळ्या फोडून पाहिल्या, तर आत उंदरांच्या कवट्या आणि हाडे ओळखू येतात. धामणही तेच काम करते. जेथे ही दोन्ही जनावरे आहेत, तेथे विष घालणे म्हणजे फुकट राबणाऱ्या राखणदाराच्या ताटात विष कालवणे आहे. आणखी एक विनंती अशी की चिचुंद्रीला उंदीर समजून मारू नये. ती कृंतक, म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा प्राणी, नाही, ती झुरळे आणि किडे खाते, आणि बागेत तिचा उपयोगच होतो.

रो हाऊस, सिंहगड रस्ता, पुणे

घुबडाचे आणि धामणीचे म्हणणे मनाला पटते, पण आमच्या बारा बाय वीस फुटांच्या बागेत ती येणार कोठून? आमच्याकडे उंदीर नव्हे, घूस आहे. तिने कुंपणभिंतीच्या पायाखाली इतकी माती उकरली आहे की एका बाजूची फरशी बोटभर खचली आहे. घूस पिंजऱ्यात आली नाही. चाप तिने उलटवून टाकला. ठिबकची नळी दोनदा कुरतडली. शेजारच्या मोकळ्या जागेत भाजीचा कचरा पडतो आणि त्यावर माझे नियंत्रण नाही. मूळ मुद्द्यातला "आधी खाणे आणि आसरा तोडा" हा सल्ला ज्याच्या हातात सगळी जागा आहे त्याच्यासाठी आहे, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते.

आगरवाली, गुहागर

पकडलेल्या उंदरांविषयीचा प्रश्न रास्त आहे. पहिले सात आम्ही पाण्यात बुडवले. नातवाने ते पाहिले आणि त्या रात्री तो जेवला नाही; त्यानंतर आम्ही चाप आणले.

चिपळूणच्या दादांना एवढेच सांगते की पुराच्या दिवसांत आपण जे केले, त्याबद्दल दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण वावर थांबण्याला सात-आठ दिवस लागले, असे आपणच लिहिले आहे; म्हणजे घाईच्या दिवसांत आपल्याला वाचवले ते डॉक्टरांच्या गोळ्यांनी आणि पायांतल्या बुटांनी. शिवाय उंदरांच्या विण्याचा जो वेग आपण सांगितला, तो विषालाही लागू आहे. दहातले नऊ मेले तरी उरलेल्याला पूर्वीइतकेच खाणे मिळाले, तर पुढच्या पावसाळ्याआधी बिळे पुन्हा भरतात. घुशीचा मात्र मला अनुभव नाही, म्हणून पुण्याच्या बाबतीत मी हट्ट धरत नाही.

नदीकाठ, चिपळूण

बूट आणि गोळ्यांचे म्हणणे मान्य आहे. बिळे पुन्हा भरतात हेही खरे आहे. मला 2023 मध्ये पुन्हा विष आणावे लागले होते. तरीही लहान मूल असलेल्या घरात सुगीपर्यंत थांबून राहण्याचा सल्ला मी देणार नाही. आमिषपेटी मी वापरली नव्हती, वड्या कोनाड्यात तशाच ठेवल्या होत्या, ते चुकले.

निवृत्त कृषी सहायक, दापोली

पुण्याच्या गृहस्थांनी संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत आणि सकाळी कोणते उकरले आहे ते पाहावे. जिवंत बीळ तेच. बाकीच्यांवर वेळ घालवू नये. भिंतीच्या कडेने दोन फूट खोल चर खणून बारीक छिद्रांची जस्ताची जाळी उभी पुरावी आणि तिचे खालचे टोक घूस येते त्या बाजूला काटकोनात वळवावे, म्हणजे खाली उकरत आलेली घूस जाळीवर अडते.

रो हाऊस, सिंहगड रस्ता, पुणे

काल रात्री सहा तोंडे बुजवली होती, त्यांपैकी आज सकाळी दोनच उघडलेली दिसली. जाळीसाठी गवंड्याला रविवारी बोलावले आहे. मेअखेरपर्यंत भिंतीच्या आतल्या बाजूला नवी माती दिसली नाही, तर विष आणणार नाही. दिसली, तर त्या दोन बिळांत आमिष घालून ती सिमेंटने बंद करीन आणि पुढचे आठ दिवस मांजराला घराबाहेर सोडणार नाही.