लोकरीच्या सपाता आटवताना एक जोड आटला, दुसरा नाही! मदत हवी आहे

मैत्रिणींनो, आईसाठी लोकरीच्या सपातांचे दोन जोड विणले आहेत, एक मरून आणि एक पांढराशुभ्र. तिचे गुडघे दुखतात आणि थंडीत फरशीवर पाय टेकवत नाही तिला. आपल्याकडे दुकानात मिळणारी बहुतेक 'लोकर' ॲक्रिलिकची, ती कितीही गरम पाण्यात घातली तरी आटत नाही, म्हणजे आक्रसून घट्ट होत नाही. म्हणून बहिणीकडून न्यूझीलंडची शुद्ध लोकर मागवली. 'सुपरवॉश' नको हे तिला मुद्दाम सांगितलं होतं, कारण त्या लोकरीवर न आटण्यासाठीच प्रक्रिया केलेली असते.

६ मिमीच्या सुयांवर, दुहेरी धाग्याने, सैल हाताने विणलं. तळव्याची लांबी आईच्या पावलापेक्षा साधारण दीडपट ठेवली. मग उशीच्या अभ्र्यात घालून, जुन्या जीन्ससोबत मशीनमध्ये ६० अंशांवर फिरवल्या. मरून सपाता एकदम छान! टाके दिसेनासे झाले, अगदी घोंगडीसारखा घट्ट पोत आला. पांढऱ्याशुभ्र जोडातले टाके मात्र अजून मोजता येतात, आणि मापही मोठंच आहे. दोन्ही एकाच कंपनीची लोकर, एकाच फेरीत धुतलेली.

शुभ्र रंगासाठी लोकर ब्लीच केलेली असेल तर ती नीट आटत नाही, असं वाचलंय. कुणाला असा अनुभव आहे का? आणखी दोन-तीन फेऱ्या दिल्या तर फरक पडेल, की आता हातानेच साबण लावून, गरम-गार पाण्यात आलटून पालटून चोळू? उसवायची माझी अजिबात इच्छा नाही. शिवाय तळवा गुळगुळीत झालाय, आई घसरू नये म्हणून खाली काय शिवता तुम्ही? चामडं की रबर?