मदत हवी आहे: वेब ॲक्सेसिबिलिटीचे व्यावसायिक प्रशिक्षण कोणत्या क्रमाने घ्यावे?

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहून वेबसाइट तयार करण्याचे काम करतो. शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था आणि शाळा हे माझे मुख्य ग्राहक. दिव्यांग व्यक्तींना कुणाच्याही मदतीविना वापरता येतील अशा वेबसाइट बनवण्याचे रीतसर प्रशिक्षण मला घ्यायचे आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

या विषयाकडे मी वळलो ते एका शेतकरी कंपनीची वेबसाइट देखभालीसाठी माझ्याकडे आल्यावर. तिच्यावर कापूस, तूर आणि सोयाबीनचे रोजचे भाव छापील तक्त्याचा फोटो काढून टाकले जात असत. कंपनीचे एक सभासद दृष्टिहीन असून लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरतात. त्यांच्यासाठी त्या फोटोत काहीच नव्हते. तोच मजकूर एचटीएमएल तक्त्यात आणून स्तंभांना व ओळींना शीर्षके जोडल्यावर प्रत्येक आकडा कोणत्या पिकाचा आणि किमान की कमाल, हे त्यांना ऐकू येऊ लागले. आपला माल केव्हा विकायचा हे ज्याने त्याने ठरवायचे असते, आणि त्यासाठी लागणारी माहिती रोज दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागणे मला योग्य वाटत नाही.

वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचे २०२३ मधील डब्ल्यूसीएजी २.२ हे ॲक्सेसिबिलिटीचे निकष मी वाचत आहे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, माउसशिवाय केवळ कीबोर्डने सर्वत्र पोहोचता येणे, फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला जोडलेले लेबल या गोष्टी कळतात आणि करताही येतात. अडचण तपासणीची आहे. स्वयंचलित साधन चित्राला पर्यायी मजकूर (चित्राचे शब्दांतील वर्णन) आहे की नाही एवढेच सांगते. तिथे नुसते 'फोटो १' लिहिले असले तरी ते बहुधा हरकत घेत नाही. शिवाय मराठीचे स्वतःचे प्रश्न आहेत. पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवलेली नसेल, तर स्क्रीन रीडर चुकीचा आवाज निवडू शकतो, आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या परिपत्रकांच्या पीडीएफ तर त्याला निरर्थक इंग्रजी अक्षरांसारख्या दिसतात. आमच्याकडच्या शाळा आणि पतसंस्थांकडे असे दस्तऐवज ढिगाने आहेत.

ग्राहकांना हे पटवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ होताच. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिल्यापासून पतसंस्थांचे व्यवस्थापकही स्वतःहून विचारू लागले आहेत. मात्र वेबसाइटवर वरून बसवायचे एक तयार विजेट (ॲक्सेसिबिलिटीची बटणे देणारी जोडणी) लावून हा प्रश्न मिटवावा, असा आग्रह काही जण धरतात. मूळ कोडमधील दोष त्याने जात नाहीत, म्हणून मी ते काम घेत नाही.

आता माझे प्रश्न. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील डब्ल्यूथ्रीसीचा प्राथमिक अभ्यासक्रम मोफत करता येतो, तेव्हा सुरुवात तिथून करीन. त्यानंतर आयएएपी या ॲक्सेसिबिलिटी व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सीपीएसीसी ही प्रमाणपत्र परीक्षा आधी द्यावी, की माझे काम कोड लिहिण्याचे असल्याने थेट तिचीच डब्ल्यूएएस ही परीक्षा द्यावी? पहिलीत दिव्यांगत्व, सार्वत्रिक रचना आणि कायदे यांवर भर आहे, तर दुसरी पूर्णपणे तांत्रिक आहे. लहान ग्राहकांबरोबर काम करणाऱ्याला या प्रमाणपत्रांचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्क्रीन रीडर रोज वापरणारी व्यक्ती शेजारी बसून शिकवील, असे प्रशिक्षण विदर्भात कुठे मिळते का? स्वतः दृष्टिहीन असलेले आणि व्यावसायिक तपासणी करणारे कुणी हे वाचत असतील, तर त्यांचे योग्य मानधन देऊन मी व माझे दोन सहकारी त्यांच्याकडून शिकू इच्छितो. त्या दोघांना इंग्रजीतून शिकणे जड जाते, त्यामुळे मराठीतील साहित्य असल्यास तेही कृपया सुचवावे. गावात इंटरनेट भरवशाचे नसल्याने दीर्घ व्हिडिओ वर्ग आम्हाला अवघड पडतात. शनिवार-रविवारी अमरावतीला किंवा नागपूरला येण्याची मात्र आमची तयारी आहे.