नियमांची छोटी भाषा बनवतोय, एका नियमामुळे प्रोग्राम थांबतच नाही

केळीबाग_चोपडा:
राम राम मंडळी. केळीला रात्रीची लाईट असली की मोटरसाठी जागावंच लागतं, त्या वेळात पायथनमध्ये एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा लिहितोय, तिच्यात लूप नाही काही नाही, नुसते नियम, डावीकडचा पॅटर्न जुळला की त्या जागी उजवीकडचं ठेवायचं आणि काहीच जुळेना झालं की तेच उत्तर. बेरीज(०, क्ष) => क्ष असले नियम मस्त चालतात, डेरिव्हेटिव्ह तर दहा-बारा नियमांत निघालं, अंगावर काटा आला खरंच. पण क्ष+२ आणि २+क्ष एकच धरायचे म्हणून काल बेरीज(अ, ब) => बेरीज(ब, अ) टाकला तर लॅपटॉपचा पंखा घरघरतोय नि उत्तर येईना. काय करू भो?

तापीकाठ:
भाऊ, उलटं केलेलं परत त्याच नियमाला जुळतं, मग संपेल कसं? तो नियम काढूनच टाक. बेरजेतल्या गोष्टी आधीच ठरलेल्या क्रमाने लाव, आकडे पुढे, अक्षरं मागे, आणि आतली बेरीज बाहेरच्या बेरजेत ओतून सपाट कर. मॅथेमॅटिका नावाच्या गणिताच्या सॉफ्टवेअरात हेच ऑर्डरलेस आणि फ्लॅट नावाने आहे.

अमळनेर_संस्कृत:
अजून एक आत्ताच ठरवून घ्या. घात(क्ष, ०) => १ आणि घात(०, क्ष) => ० असे दोन्ही लिहिलेत तर घात(०, ०) ला कोणता लावणार? पाणिनीच्या अष्टाध्यायीत जवळपास ४००० सूत्रं आहेत आणि तिथंही हीच अडचण होती, म्हणून १.४.२ ला सांगितलंय, विप्रतिषेधे परं कार्यम्, सारख्या बळाच्या दोन सूत्रांत विरोध आला तर नंतरचं चालवा. शिवाय अपवाद सामान्य नियमाला बाजूला सारतो. तुमच्या भाषेला हे दोन्ही शोभेल.

केळीबाग_चोपडा:
ताई/सर, अपवादाचं आजच लिहून ठेवलं. दादा, तुमचं केलं, पंखा शांत झाला, पण बेरीज(०, क्ष, य) ला माझा शून्याचा नियम लागेना, तो दोनच गोष्टींचा होता ना.

तापीकाठ:
हो, सपाट केलं की तसं होतं. पॅटर्नमध्ये "बाकी" घे: बेरीज(०, बाकी...) => बेरीज(बाकी...). आकडे पुढे आले की आधी त्यांची बेरीज करून एकच आकडा ठेव, म्हणजे शून्य असलं तर पहिल्याच जागी सापडेल. आणि बेरीज(क्ष) => क्ष विसरू नको, नाहीतर एकटा क्ष बेरजेतच अडकून पडेल.

केळीबाग_चोपडा:
चाललं! ०+य+क्ष दिलं, क्ष+य आलं. मोटर बंद करून येतो, मग गुणाकाराला पण हेच लावतो.