हम पाँच, काजलभाईची टोपी आणि आपल्या गावचे शिंपी : तुमचे अनुभव लिहा

पूर्णाकाठची
भाचीनं परवा निराला बाजारातून शर्ट आणला. खांदे पार दंडावर उतरलेले, आत दोघी जणी मावतील एवढा ढगळ. आई म्हणाली, "अगं, हे तर आक्काचं काजलभाईचं शर्ट!" काजलभाई म्हणजे 'हम पाँच' मालिकेतली, पोरांसारखी राहणारी काजल. आणि मला रात्रभर दुसरं काही सुचलं नाही.

'हम पाँच' १९९५ साली झी टीव्हीवर सुरू झालं तेव्हा आम्ही जिंतूरला होतो. आम्ही चौघी बहिणी, भाऊ नाही. घरी कुणी बाईमाणूस आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "चारी पोरीच का?" मग चुकचुक करत चहा प्यायचा आणि जाताना आईला एखादा उपास सांगायचा. आणि इकडं टीव्हीवर आनंद माथुर, पाच पोरींचा बाप! तोही आपला अशोक सराफ. तो डोकं धरून बसायचा, पण ते पोरींच्या उद्योगांपायी. पोरी झाल्या म्हणून गळा काढणारं त्या घरात आम्हाला तरी कुणी दिसलं नाही. आमचे दादा, म्हणजे वडील, एरवी मोजकं बोलणारे, ते ही मालिका लागली की डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचे. ऑफिसात त्यांना कुणीतरी 'माथुरसाहेब' म्हणायला लागलं. दादांनी घरी येऊन हे आईला इतक्या आनंदानं सांगितलं की आईनं त्या दिवशी शिरा केला.

आक्काला काजलभाईसारखं मोठं शर्ट आणि उलटी टोपी पाहिजे होती. आई म्हणाली, पोरीच्या जातीला हे शोभतं का. दादांनी काही न बोलता स्वतःचं एक चांगलं शर्ट काढून दिलं, बाह्या तेवढ्या कमी करून घे म्हणाले. ते घालून आक्का शिकवणीला गेली. गल्ली बघत राहिली आणि ती ताठ मानेनं गेली.

तुमच्याकडं कुणी काय शिवून घेतलं, कुणी केस कापले, कुणाला मार बसला, सगळं लिहा. हीच मालिका पाहिजे असं नाही.

मोंढ्यातला
अँटिना फिरवलेल्यांनी हजेरी लावा! आमचं घर वैजापूरकडं. मी पत्र्यावर, तोंड म्हैसमाळच्या टॉवरकडं, खालून बहीण ओरडायची "आलं… आलं… गेलं". 'देख भाई देख'चा अर्धा भाग मी नुसता ऐकलाय.

शेवंता
काय आठवण काढली ताई. मी शेंगा भाजायले, नंतर सविस्तर लिहिते.

गोलाईतली
आमचं लातूर. आमच्याकडं केबल आली पण टीव्ही ब्लॅक अँड व्हाईटच. त्यामुळं 'हम पाँच'मधल्या स्वीटीचा फ्रॉक नेमका कोणत्या रंगाचा यावर आम्हा मैत्रिणींत भांडणं. एक म्हणायची गुलाबी, मी म्हणायची पोपटी. शेवटी गंजगोलाईत कापड घ्यायला गेलो तर तिनं गुलाबी घेतलं, मी पोपटी. शिवून दोघी शेजारी उभ्या राहिलो आणि दोघींनाही वाटलं, आपलाच बरोबर. पुढं कितीतरी वर्षांनी मोबाईलवर जुने भाग सापडले, पण त्या फ्रॉकचा भाग काही हाती लागला नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, मैत्रीण आता पुण्यात असते, तिला लगेच कळवते.

आणि त्या काचेची आठवण आहे का कुणाला? टीव्हीपुढं लावायची रंगीत प्लास्टिकची. वर निळं, खाली हिरवं. माणसांचे चेहरे निळे आणि पाय हिरवे, तरी आम्ही खूश.

मोंढ्यातला
@गोलाईतली आमच्या मामाकडं होती तशी काच! मामा सगळ्यांना सांगायचा कलर घेतला म्हणून. 😄

टेलरमास्तरांचा
मी शिंप्याचा मुलगा, म्हणून थोडं जास्त लिहितो.

आमचं दुकान परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, बसस्टँडसमोर. मालिका रात्री लागायची आणि सकाळी शाळेच्या आधी पोरी दुकानात. "मास्तर, बाहीला असा फुगा पाहिजे." "मास्तर, खांदा असा वर पाहिजे." हातवारे करून सांगायच्या. फॅशनचं पुस्तक वगैरे काही नाही, सगळं तोंडी. माझ्या वडिलांनी तोवर झंपर, परकर, शाळेचे गणवेश आणि नवरदेवाचा सफारी याच्यापलीकडं फार काही शिवलेलं नव्हतं. मग ते शेजारच्या भांड्याच्या दुकानात टीव्ही बघायला जायला लागले, पण ते कथा बघत नव्हते. त्यांचं लक्ष शिवणीवर. कोण काय बोलतंय यापेक्षा चुण्या कुठून काढल्यात, कॉलर किती बोटं रुंद आहे. घरी येऊन पेपरच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं काढून ठेवायचे.

खांद्याचे पॅड तेव्हा तालुक्याला मिळायचे नाहीत. वडिलांनी जुन्या गादीचा फोम कापून, त्यावर कातरणाचं अस्तर लावून घरीच बनवले. फोम धुतल्यावर गोळा व्हायचा, म्हणून ते पॅड बटणावर काढता-घालता येतील असे केले. ही त्यांची स्वतःची युक्ती, आणि मला आजही तिचा अभिमान आहे. फुग्याच्या बाहीत कडक कॅनव्हास घातला की फुगा दिवसभर उभा राहतो, पण काखेत टोचतो. म्हणून ते फक्त वरच्या अर्ध्या भागाला घालायचे आणि आत मलमलची पट्टी लावायचे.

एका पोरीचे वडील आले होते चिडून, "असलं काही शिवून देऊ नका." वडिलांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "मी गळा एवढा वर घेतलाय की तुमच्या आईसाहेबांनी घातला तरी चालेल, फक्त बाही तेवढी पोरीच्या मनासारखी राहू द्या." ते गृहस्थ नंतर धाकटीचं माप द्यायला स्वतः घेऊन आले.

नांदेडची सून
@टेलरमास्तरांचा दादा, डोळ्यांत पाणी आलं वाचून. मास्तरांना नमस्कार सांगा.

बिल्लेवाले काका
तुम्ही सगळी लेकरं नव्वदीची. आमची 'ये जो है जिंदगी'. १९८४. शुक्रवारी रात्री रस्ते ओस. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी आणि सतीश शाह तर दर भागात नवं सोंग घेऊन यायचे, कधी कोण कधी कोण. मी तेव्हा औरंगाबादला शिकायला होतो, घरमालकांच्या ओसरीवर पंचवीस-तीस माणूस जमायचं. चपला दाराबाहेर, लेकरं पुढं, बाया चौकटीत.

आता खरी गोष्ट. आमचे चुलते शेतकरी संघटनेचे. छातीवर लाल बिल्ला, १९८४ ला परभणीच्या अधिवेशनाला गेलेले. एकदा माझ्याकडं मुक्कामी आले. टीव्हीवर लेखक म्हणून शरद जोशी हे नाव आलं, संघटनेच्या नेत्यांचंही नाव तेच, आणि चुलते ताडकन उठून बसले, "आपले साहेब हे पण लिहितात?" हिंदीतले व्यंगकार शरद जोशी वेगळे, हे समजावता समजावता मालिका संपली. तरी गावी जाऊन त्यांनी दहा जणांना बघायला लावलीच.

कपड्यांचं म्हणाल तर आम्ही बेलबॉटममधून नुकते बाहेर पडायलो होतो. आईनं त्या जुन्या पँटींच्या खालच्या घेरातून पिशव्या शिवल्या. एक पिशवी अजून दळणाला आहे.

शेवंता
झाल्या शेंगा. काका, पिशवीचा फोटो टाका ना!

मला 'हम पाँच'मधला तो फोटो आठवतो. आनंद माथुरची पहिली बायको, वारलेली, भिंतीवरच्या चौकटीतून नवऱ्याशी बोलायची. प्रिया तेंडुलकर. आमच्या आजीला तिच्यात तिच्या आधीच्या मालिकेतली 'रजनी'च दिसायची. आजी म्हणायची, "गेल्यावर बी संसार सोडंना बघ." आजोबा गेल्यावर तीही फोटोशी बोलायची, बाजारभाव सांगायची. आम्हाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. प्रिया तेंडुलकर २००२ ला गेल्या तेव्हा आजीनं विचारलं, "मंग आता फोटोत कोण बोलणार?"

हिंगोलीवाला
पूर्णाकाठची ताई, जिंतूरला येलदरी रोडला होता का तुम्ही? आमची मावशी तिथंच. दोन मजली, समोर लिंबाचं झाड.

पूर्णाकाठची
@हिंगोलीवाला हो! लिंबाच्या पलीकडच्या गल्लीत. तुमच्या मावशीकडं पापड लाटायला आई जायची बहुतेक. विचारा त्यांना, चार पोरींची आई म्हणून लगेच ओळखतील.

तेरणेकाठ
लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घर गेलं, माणसं गेली. नंतर बराच काळ पत्र्याच्या शेडात काढला. मदतीचे ट्रक यायचे, त्यात कपड्यांची गाठोडी. आमच्या रानातल्या पोरींना परकर-पोलकं सोडून दुसरं काही ठाऊक नव्हतं आणि गाठोड्यातून निघायचं काय, तर झालरीचे फ्रॉक, खांद्याला पॅडवाले टॉप, चमकीचं जाकीट. मापाचं काहीच नसायचं. माझ्या वाट्याला एक मोठं चौकड्यांचं शर्ट आलं, ते मी गुडघ्यापर्यंत घालायची. लाज वाटायची, कारण ते दुसऱ्याचं होतं.

पुढं लातूरला मामाकडं राहायला गेले आणि तिथं 'हम पाँच' बघितलं. काजल अगदी तसलंच शर्ट घालून ऐटीत फिरायली! मी मामीला म्हणाले, हे माझं शर्ट आहे. मामीनं ट्रंकेतून ते काढलं, धुऊन इस्त्री करून दिलं. त्यानंतर मी ते लाजून घातलं नाही. ज्या कुणी ते पाठवलं त्या बाईचं भलं होवो.

नांदेडची सून
तेरणेकाठ ताई 🙏

बिल्लेवाले काका
बेटा, लिहिलंस ते फार चांगलं केलंस.

गोलाईतली
ताई, लातूरला कधी आलात तर घरी या. खरंच सांगते, नंबर मेसेजमध्ये पाठवते.

बॅटरीवाला
आमच्याकडं लोडशेडिंग. ट्रॅक्टरची बॅटरी काढून बारा व्होल्टच्या छोट्या टीव्हीला जोडायची, 'श्रीमान श्रीमती' बघायची आणि सकाळी ट्रॅक्टर ढकलस्टार्ट. केबलवाल्यांना त्याचा उपयोग नव्हता, कारण केबलवाल्याच्याच घरची लाईट गेलेली. दूरदर्शनवाले आम्ही त्या बाबतीत सुखी. रीमा लागूंची कोकी आमच्या आईची फार लाडकी. तिच्यासारखा मोठ्या काठाचा पदर आई लग्नाकार्यात घ्यायची. अर्चना पूरणसिंगच्या झगमगीत कपड्यांवर मात्र आत्याचा डोळा होता. माळेगावच्या जत्रेतून तसलीच चमकीची टिकली आणि हे एवढाले कानातले घेऊन आली. खंडोबाच्या दर्शनाआधी!

नांदेडची सून
माळेगावची जत्रा म्हटलं की मला घोडे, उंट आणि पिनांची दुकानंच आठवतात. केसांचे ते मोठे वेलवेटचे रबर तिथंच मिळायचे. आता माझी मुलगी तेच घालते आणि मला सांगते नवीन आलंय.

कुणी टिपऱ्यांचं, म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेचं, नाव कसं काढलं नाही? २००१, अल्फा मराठी. आबा झालेले दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते, पण आमचे सासरे त्यांना आपल्या बरोबरीचे समजून टीव्हीला "बरोबर आहे" म्हणायचे. त्यातले कपडे लक्षात राहिले नाहीत, कारण ते आपल्याच घरातले होते.

शेवंता
@टेलरमास्तरांचा मास्तर अजून शिवतात का? माझ्या लेकीला कॉलेजच्या कार्यक्रमात नव्वदीचा पोशाख करायचाय. रेडिमेडमध्ये फुग्याची बाही नीट मिळंना.

टेलरमास्तरांचा
शिवतात हो. दुकानात आता भाऊ बसतो, पण असलं काम आलं की वडील स्वतः कात्री घेतात. छातीचं, खांद्याचं आणि दंडाचं माप पाठवा. दंडाचं सैल हातानं घ्या. कापड सुती घ्यायचं असेल तर आधी एकदा पाण्यातून काढा, आटतं. आणि लहान पन्ह्याचं असेल तर अर्धा मीटर जास्तच घ्या, फुग्याला कापड फार जातं.