सासू-सासरे युरोप टूरवर: तिकडे तब्येत बिघडली तर नेमकं काय करायचं?

सूनबाई_डोंबिवली

नमस्कार मंडळी. सासू-सासरे (66 आणि 71) मे महिन्यात 12 दिवसांच्या युरोप टूरवर निघालेत. पॅरिस, स्वित्झर्लंड, मग इटली. सासऱ्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये, शुगर त्याच्या कितीतरी आधीपासून. डॉक्टर म्हणाले, "खुशाल जाऊ दे, फक्त दमू नका." सकाळी साडेसहाला बस सुटणाऱ्या टूरमध्ये न दमता कसं राहायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

एजंटने 50,000 डॉलरची ट्रॅव्हल पॉलिसी सुचवलीये आणि वर हळूच म्हणाला, "शुगर-बिगर फॉर्मवर टाकू नका, उगाच प्रीमियम वाढतो." नवऱ्याला ते पटलंय, मला नाही. एवढी रक्कम पुरते का? रात्रीबेरात्री काही झालं तर पहिला फोन कुणाला, टूर मॅनेजरला, विमा कंपनीला की आपल्या दूतावासाला? दूतावास हॉस्पिटलचे पैसे भरतो असं शेजारचे काका छातीठोकपणे सांगतात, ते खरं का? कुणाला स्वतःचा अनुभव असेल तर सविस्तर लिहा. आगाऊ धन्यवाद.

चहा_बिस्कीट

एजंट बदला. बाकीचं नंतर.

वाईची_बाई

आम्ही गेल्या मे महिन्यात गेलो होतो. हे 69, मी 64. यांना शुगर पंधरा वर्षं. लांबलचक होईल, पण सगळं सांगते.

पाचव्या दिवशी स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राऊयोख केलं, डोंगरावरचं रेल्वे स्टेशन. 3454 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षा उंच, आणि केबल कार नि रेल्वेने पाय न हलवता वर नेऊन ठेवतात. वर यांना जरा गरगरलं. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना गरगरत होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी इंटरलाकेनच्या हॉटेलवर यांना जेवण जाईना. दोन घास भात खाल्ला नि झोपले. शुगरची गोळी मात्र नेमाने घेतली, इतक्या वर्षांची सवय.

रात्री पाऊण वाजता गादी हलतेय म्हणून मला जाग आली. हे थरथरत होते, बनियन पिळून काढावा इतका ओला, आणि "छातीत धडधडतंय" एवढंच पुन्हा पुन्हा. मला वाटलं, हार्टच. टूर मॅनेजर पोरगा फोन उचलेना. मी गाऊनवरच खाली रिसेप्शनला पळाले. रात्रपाळीच्या मुलाने काही न विचारता 144 लावला. स्वित्झर्लंडमध्ये अँब्युलन्सचा तो नंबर, 112 लावला तरी चालतो.

एक बाई नि एक बुवा आले. खोलीतच यांच्या बोटातून रक्त काढलं आणि बाई म्हणाली, "टू पॉइंट नाईन." मला काही कळेना. आपल्याकडे शुगर दोनशे ऐकायची सवय, हे दोन पॉइंट काय? तिकडे मोजमापच निराळं. त्यांच्या आकड्याला 18 ने गुणलं की आपला आकडा येतो. म्हणजे 52! शुगर चढली नव्हती, तळाला गेली होती. गोळी पोटात आणि जेवण नाही. माझ्या उशाच्या पर्समध्ये लोणावळ्याच्या चिक्कीचं अख्खं पाकीट होतं हो. शुगर मोजायचं मीटर मात्र मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी.

मग विचारलं, गोळ्या कोणत्या घेतात. मी ऐटीत डबा पुढे केला. सात कप्पे, सोम ते रवि, सगळं टापटीप. आत कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे. एकावर नुसती तारीख, एकावर कंपनीच्या नावाचं शेपूट. "ही पांढरी सकाळची, ही गुलाबी रात्रीची," असं मी त्या माणसांना इंग्रजीत समजावत होते. आजही आठवलं की लाज वाटते.

पुण्याला मुलाला फोन केला. तिथे पहाटेचे साडेचार. त्याने वाईच्या आमच्या मेडिकलवाल्याला उठवलं, तो बिचारा लुंगीवर दुकान उघडून बसला आणि जुन्या बिलाचा फोटो पाठवला. त्यावरही सगळी आपल्याकडच्या कंपन्यांनी ठेवलेली नावं. तिथल्या डॉक्टरला ग्लिमेपिराइड (यांच्या शुगरच्या गोळीचं मूळ नाव) कळतं, आपल्या दुकानातलं नाव त्याने बापजन्मी ऐकलेलं नसतं. शेवटी मुलाने एकेक नाव शोधून खरी नावं टाइप करून पाठवली. ही गोळी कळल्यावर हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, आता लगेच सोडणार नाही, हिचा असर बराच वेळ राहतो, शुगर परत पडू शकते. छातीचं म्हणाले होते म्हणून ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झालीये का ते कळायची रक्ताची) तपासणी दोनदा. हृदयाला काही नव्हतं. दुपारपर्यंत ठेवलं.

तिथल्या काउंटरवर मी एक शब्द शिकले, कोस्टेनगुटश्प्राखे. म्हणजे विमा कंपनीचं "पैसे आम्ही भरू" असं पत्र. सकाळपासून तोच जप चालू होता. मुलाने पॉलिसीवरच्या चोवीस तासांच्या नंबरवर रात्रीच फोन करून केस नंबर घेतला होता म्हणून दहाच्या सुमारास पत्र आलं. अँब्युलन्सचं बिल वेगळं, नऊशेच्या वर फ्रँक, ते आधी कार्डाने भरलं. परत आल्यावर 100 डॉलर कापून बाकीचे मिळाले, अडीच महिन्यांनी. आम्ही फॉर्मवर शुगर लिहिली होती. कंपनीने आमच्या डॉक्टरांचे जुने कागद मागितलेच. लिहिली नसती तर काय झालं असतं ते तुमच्या नवऱ्याला विचारा.

ग्रुप सकाळी सातला इटलीला निघून गेला. दोघांसाठी अडतीस जणांची बस थांबत नाही, राग मानू नये. मॅनेजरने आमच्या बॅगा रिसेप्शनला ठेवल्या होत्या, एवढं केलं.

आता यांच्या पाकिटात एक कागद असतो. आजार, कंपनीचं नव्हे तर औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कधी. इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. आणि प्रवासात स्ट्रिपला कात्री लावायची नाही.

सूनबाई_डोंबिवली

ताई, वाचता वाचता उठून सासऱ्यांचा डबा उघडला. सगळ्या स्ट्रिप कापलेल्या! रबर लावून वार लिहून ठेवलेत. सासूबाई म्हणतात, अख्ख्या स्ट्रिप जागा खातात.

लातूर_ते_श्टुटगार्ट

मी इथे जर्मनीत नर्स आहे, पाचवं वर्ष. वाईच्या ताईंनी सांगितलेलं सेम दृश्य आमच्याकडे नेहमी. फक्त डबा बदलतो, कधी प्लॅस्टिकचा, कधी श्रीखंडाचा.

112 युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांत चालतो, फुकट, फोनमध्ये बॅलन्स नसला तरी. इंग्रजी बहुतेक ठिकाणी निभावतं. पण आपली माणसं आधी सगळा इतिहास सांगत बसतात. आधी पत्ता सांगा. हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा आणि त्यावरचं वाचून दाखवा, मग काय झालंय ते. ताप, जुलाब असलं जीवावरचं नसेल तर 112 नको. जर्मनीत त्यासाठी 116117 आहे.

इमर्जन्सीत आधी येईल तो आधी असं नसतं. मुरगळलेला पाय घेऊन गेलात तर चार तास बसाल, आणि कुणी धावत आलं नाही म्हणून भांडूही नका. छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर मात्र थेट आत घेतात.

मेडिकल रविवारी बंद. बंद दुकानाच्या दारावर जवळचं कुठलं उघडं आहे ते लिहिलेलं असतं. तुमच्या गावची डॉक्टरची चिठ्ठी इथे दुकानात चालत नाही, अँटिबायोटिक तर सोडाच. म्हणून गोळ्या मुक्कामाहून आठवडाभर जास्तीच्या न्या, आणि हातातल्या बॅगेत. मोठी बॅग विमानतळावर हरवली तर गोळ्याही गेल्या.

निवृत्त_विमावाला

तीस वर्षं याच धंद्यात घालवली, म्हणून एजंटांच्या वतीने माफी मागतो आणि लिहितो.

शेंगेन व्हिसाला (तुमच्या टूरच्या तिन्ही देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोचं कव्हर लागतं. 50,000 डॉलर त्यात बसतात, म्हणून एजंट तो आकडा सांगतो. व्हिसा मिळायला पुरेसं आणि आयसीयूला पुरेसं या दोन वेगळ्या गोष्टी. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला मी लाख डॉलरच्या खाली पाठवणार नाही. प्रीमियममधला फरक सासऱ्यांच्या एका जेवणाइतकाही नसेल, तिकडच्या भावाने.

रकमेपेक्षा दोन ओळी शोधा. एक, आधीपासूनच्या आजाराला काय देतात. बऱ्याच पॉलिसींत जीवावर बेतलं तरच देतात, नुसत्या तपासणीला नाही. दुसरी, सब-लिमिट. बऱ्याच पॉलिसींत साठीच्या पुढच्यांना खोलीभाडं, सर्जनची फी यांवर वेगळी मर्यादा असते, आणि ती वरच्या मोठ्या आकड्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेली असते. शुगर लपवलीत तर कंपनीला ते कारण आयतंच मिळेल. बोर्डिंग पास फेकू नका, क्लेमला मागतात. शेंगेनमध्ये आता शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटो घेतात, तेव्हा पासपोर्टवर तारीख मिळेलच असं नाही.

शेजारच्या काकांना सांगा, दूतावास बिलं भरत नाही. पासपोर्ट हरवला तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, घरच्यांशी संपर्क साधून देतो, दुर्दैवाने कुणी गेलं तर कागदपत्रांना मदत करतो. 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, पण तो खरोखर अडलेल्यांसाठी, परिस्थिती पाहून. टूरला गेलेल्या पेन्शनरने त्यावर भिस्त ठेवू नये.

पहिला फोन अँब्युलन्सला. दुसरा विमा कंपनीला, आणि तो भारतातून मुलगा-सुनेने केलेला बरा. पॉलिसीची प्रत तुमच्या फोनमध्ये आत्ताच घेऊन ठेवा.

सूनबाई_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. फॉर्म नव्याने भरतोय, नवऱ्याने तुमचे प्रतिसाद वाचले, काही बोलला नाही. वाईच्या ताई, एक राहिलंच, ग्रुपला परत गाठलंत का?

वाईची_बाई

गाठलं की. तिसऱ्या दिवशी, श्पीत्सला गाडी बदलून मिलान, तिथून फ्लॉरेन्स. हे खिडकीशी बसून चिक्की खात होते, मी म्हटलं आता पुरे. ग्रुपमधल्यांनी चौकशी फार केली. आमच्या वाटणीचा चिवडा मात्र संपवून टाकला होता.