फ्लॅटमध्ये इग्वाना पाळणं म्हणजे हौस की छळ?

ठाण्याचा_बाबा: मुलगा आठवीत आहे, सहा महिने झाले इग्वाना इग्वाना करून डोकं खाल्लंय. दुकानात जाऊन बघितला, हिरवागार, वीतभर, तळहातावर गपचूप बसतो. दुकानदार म्हणाला काकडी-पालक टाका, बल्ब लावा, बाकी काही ताप नाही. बायको म्हणते घरात पाल दिसली तर मी झाडू घेते आणि हा सरडा विकत आणणार? माझं मत, कुत्र्यापेक्षा बरं, भुंकत नाही, फिरवायला न्यावं लागत नाही. बोला.

शेपूटवाला: पाच वर्षं सांभाळतोय म्हणून बोलतो. वीतभर आहे तो आत्ता. शेपटीसकट पाच फुटांपर्यंत जातो आणि नीट ठेवला तर पंधरा वर्षं सहज जगतो, म्हणजे पोरगं नोकरीला लागेल आणि भाजी चिरत तुम्ही बसाल. पालक तर रोज अजिबात नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. काकडी म्हणजे नुसतं पाणी. मी शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा, घोसाळं देतो. अंडं, मटण, डॉगफूड काही नाही, पक्का शाकाहारी प्राणी आहे. आणि बल्ब म्हणजे साधा पिवळा नव्हे, ऊबेचा वेगळा आणि यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा वेगळा, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी ट्यूब दिसायला पेटलेली असते पण आतला दम जातो, वर्षाच्या आत बदलायची. एवढं केलंत तर खुशाल पाळा, मस्त प्राणी आहे.

नको_रे_बाबा: एवढं सांगून शेवटी जाहिरातच केलीस की. मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंत नदीकाठच्या झाडांवर राहणारा प्राणी, घाबरला की फांदीवरून थेट पाण्यात उडी टाकणारा, त्याला तीन फुटी काचेच्या पेटीत ठेवायचं आणि वर म्हणायचं मस्त आहे. मित्राकडचा बघितलाय मी. मागचे पाय गुबगुबीत दिसायला लागले, आम्हाला वाटलं बाळसं धरलंय. खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा दबत होता! हाडांतलं कॅल्शियम संपलेलं. तीन दवाखाने फिरलो, सगळीकडे उत्तर एकच, आम्ही कुत्री-मांजरी बघतो. चौथ्या ठिकाणी डॉक्टर भेटले तोवर बोटं थरथरायला लागली होती.

शेपूटवाला: ते यूव्हीबी न दिल्यामुळे झालं, पाळल्यामुळे नाही. माझ्याकडे पेटी नाहीच, अख्खी बाल्कनी जाळी मारून दिलीये.

नको_रे_बाबा: किती जणांकडे अख्खी बाल्कनी आहे? ठाण्यात बाल्कनीत वॉशिंग मशीन असतं.

कागद_दाखवा: बाल्कनीचं नंतर बघू. आपली देशी घोरपड पाळणं तर सरळ गुन्हा आहे. इग्वाना परदेशी, पण सायटीस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे 2022 ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती आणि त्यावर आलेले 2024 चे नियम यांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. दुकानदाराकडे आधी कागद मागा.

दोन_पोरांची_आई: साल्मोनेलाचं, म्हणजे जुलाब-तापाच्या जंतूचं कोणी बोलतच नाही. प्राणी ठणठणीत दिसला तरी त्याच्या शीतून येऊ शकतो. घरात लहान मूल किंवा सासूबाई असतील तर हात लावल्यावर साबणाने धुवायचे म्हणजे धुवायचेच, आणि त्याचा टब किचनच्या सिंकमध्ये घासायचा नाही. आमच्या शेजारी हेच चालायचं, मी त्यांच्याकडे चहा घेणं बंद केलं 😅

ठाण्याचा_बाबा: बरं पण माणसाळतो ना? हातावर बसतो म्हणजे ओळखत असेलच.

शेपूटवाला: ओळखतो. माझ्या हातून खातो, भावाला शेपटीने फटकावतो, छडीसारखा वळ उठतो. नर असेल तर माजावर आल्यावर नारिंगी होतो, तेव्हा मीपण लांब असतो.

नको_रे_बाबा: आणि मग लोक कंटाळून सोडून देतात. फ्लोरिडात तेच झालं, पाळलेले सुटले, सोडले, आता गावभर. थंडीची लाट आली की ताठरून झाडांवरून पटापट खाली पडतात. ज्याला पंधरा वर्षं सांभाळायची तयारी नाही त्याने लव्हबर्डसुद्धा आणू नये, हे माझं मत.

ठाण्याचा_बाबा: कागद मागितला. म्हणाला, कागद कसला साहेब, खोका चांगला देतो. तिथून निघालो. पोराला सांगितलंय, महिनाभर रोज सकाळी शेवग्याचा पाला निवडून दाखव, मग कागदवाला शोधू. दोन दिवस निवडला. आज मीच निवडला, डाळीत घातला.