लाकडाची बंद शेगडी बसवायची आहे, घराच्या विम्याचं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, मखमलाबादच्या मळ्यात राहतो. आजोबांच्या वेळचं घर आहे: विटांच्या भिंती, वर सागाच्या तुळया आणि मंगलोरी कौलं. थंडीत आईचा संधिवात फार बळावतो. मागच्या जानेवारीत दारं-खिडक्या लावून घमेल्यात निखारे ठेवले, तर पहाटे तिचं डोकं जड झालं आणि उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड. त्या दिवसापासून घमेलं बंद. आता धुराड्याची लोखंडी बंद शेगडी बसवायचं ठरवलंय.

घराचा 'भारत गृह रक्षा' विमा आहे, दुरुस्तीच्या कर्जाच्या वेळी घेतलेला. त्यात आगीचं संरक्षण आहे. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप मिळतं. पण घेताना घरात अशी शेगडी नव्हती, आणि आता धुराडं कौलांतून, तुळयांच्या शेजारून वर जाणार. एजंट म्हणतो, "ताई, कळवायची काही गरज नाही." मला हे तोंडी बोलणं पुरेसं वाटत नाही. उद्या काही झालं, तर धोका वाढवल्याचं कळवलं नाही, असं कंपनी म्हणू शकते.

मला भीती आहे ती जळणाची. आमच्याकडे छाटणीच्या द्राक्षकाड्या ढिगाने असतात. ओल्या काड्या जाळल्या की धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि तोच पुढे पेट घेतो. म्हणून एप्रिलच्या छाटणीच्या काड्या पावसाळाभर पडवीत वाळवून मगच वापरायच्या, सोबत जुनी बाभूळ, आणि दर हंगामाआधी धुराडं झाडून घ्यायचं, असं ठरवलंय.

कुणी अशी शेगडी किंवा फायरप्लेस बसवून कंपनीला लेखी कळवलंय का? पॉलिसीत तशी दुरुस्ती करून मिळाली का, हप्ता वाढला का? पाहणीला माणूस आला होता का? कर्ज अजून चालू आहे, मग बँकेलाही पत्र द्यावं लागेल का? आणि शेगडी इमारतीत धरतात की सामानात?

अंबडचा फॅब्रिकेटर एकेरी पत्र्याचा पाइप पुरेल म्हणतो. मी तुळयांपाशी दुहेरी पाइप आणि मध्ये रॉकवूल (न जळणारी, उष्णता अडवणारी खनिज लोकर) मागतेय. त्याचं बिल आणि कामाचे फोटो दाव्याच्या वेळी उपयोगी पडतात का, तेही सांगा. पुढच्या आठवड्यात तो कौलं काढणार होता, पण कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत मी त्याला थांबवून ठेवलंय.